बेचाळिसावं ‘नको’

१२ नोव्हेंबर

दादा,

वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं होतं, ते खोडलंय. तीन वर्षांनी भावाला पत्र लिहायचं आणि सुरुवात छापील पत्रिकेसारखी करायची, हे बरं दिसेना. खोडलेलं दिसतंय तर दिसू दे.

आधी कामाचं. सोबत एक फॉर्म आहे, त्यावर तुझी सही हवी आहे. का हवी ते सांगायचं तर माझी नवी नोकरी सांगावी लागेल.

आईला झटका आल्यावर मी कोर्टातलं लघुलेखनाचं काम सोडलं, ते तुला माहीत आहे. गेली दोन वर्षं मी अकरा ते चार एका संशोधन केंद्रात जाते. तेवढा वेळ शेजारच्या काकू आईपाशी बसतात. माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा डोक्यात काय चालतं, याचा तिथे अभ्यास होतो. नाव भारदस्त असलं तरी जागा म्हणजे दोनच खोल्या. एका खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि दोन कॅमेरे. दुसरीत आम्ही, कानाला हेडफोन लावून. लोक जोडीजोडीने येतात, बोलतात, जातात. त्यांचं बोलणं ऐकून उतरवून काढायचं, हे माझं काम.

तू म्हणशील, कोर्टात तेच करत होतीस. नाही रे! कोर्टात साक्षीदार अडखळला, खोकला, मिनिटभर गप्प बसला, तरी आम्ही स्वच्छ वाक्य लिहायचो. इथे उलटं. ‘अं’ लिहायचा, ‘हं’ लिहायचा, गप्प बसला तर किती वेळ ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजून कंसात लिहायचं. पहिल्या आठवड्यात मी सवयीने सगळं साफसूफ करून दिलं, तर आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, “अहो, आम्हाला हवं होतं तेवढंच तुम्ही केराच्या टोपलीत टाकलंत.”

असो. सध्या त्यांचा अभ्यास आहे तो आजारपणात शब्द हरवलेल्या माणसांचा. घरातली माणसं त्यांचं कसं ओळखतात, हे बघायचंय. आई आणि मीही त्यात आहोत. माझ्यावर एकच अट: आमच्या घरच्या ध्वनिमुद्रणाला मी हात लावायचा नाही, कारण मला जे आहे ते नाही, जे माहीत आहे ते ऐकू येईल. सात दिवस आमच्या टेबलावर रेकॉर्डर होता. पाचव्या दिवशी तुझा फोन आला. तो स्पीकरवर घेतल्यामुळे तुझा आवाजही त्यात आला. परवानगीशिवाय तो ठेवता येत नाही.

फॉर्मवर दोन चौकोन आहेत. ‘वापरायला हरकत नाही’ आणि ‘माझा भाग पुसून टाकावा’. मला विचारशील तर दुसऱ्यावरच खूण कर. तुझं बोलणं असं कितीसं आहे, दोन-तीन वाक्यं. उगाच कशाला परक्यांच्या कपाटात?

आई बरी आहे. उजवा हात तसाच. बोलते मोजकंच.

चहाची सुट्टी संपली.

टाचणी


२३ नोव्हेंबर

दादा,

फॉर्म कोराच परत आला. मागच्या बाजूला तुझ्या त्या चष्म्याच्या नंबरसारख्या बारीक अक्षरात: “पुसण्याआधी काय आहे ते कळव.”

खरं सांगू, मला वाटलं होतं तू सही करशील आणि विषय मिटेल.

तुझ्या फोनचा भाग प्रमुख बाईंनी स्वतः उतरवला. तो कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला, “तिसऱ्या व्यक्तीची संमती लागेल” एवढंच म्हणाल्या आणि खिडकी उघडायला गेल्या. खिडकी उघडीच होती. कागद असा आहे:

फोन: दोन तासांवर आलोय, डोळे तपासणीचं शिबिर होतं. आईला विचार, येऊन जाऊ का?
(०.४)
आई: नको. (स्वर चढता)
(०.९)
मुलगी: ऐकलंस ना? नको म्हणतेय.
(२.१)
फोन: बरं.
(फोन बंद)
आई: नको. नको. नको नको. (थांबत थांबत, एक मिनिट चाळीस सेकंद)

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या साक्षी उतरवल्या. आपलं वाक्य असं कागदावर, कुणी दुसऱ्याने लिहिलेलं, पहिल्यांदाच वाचलं.

आता मास्तरांचं ऐक. आमच्याकडे एक निवृत्त गायनमास्तर आहेत. त्यांचा कान सुरांना पक्का म्हणून त्यांना घेतलंय. आईच्या सात दिवसांच्या बोलण्यातून तिचे नुसते शब्द कापून, आजूबाजूचं सगळं काढून, त्यांना ऐकवले. कोण बाई, कुठली, काही सांगितलं नाही. त्यांनी प्रत्येक शब्द चारपैकी एका खणात टाकायचा: होकार, नकार, प्रश्न, त्रागा. एकूण एकशे अठरा शब्द होते, दादा. एकशे अठराही ‘नको’.

तुझ्या लक्षात आलं का मी काय म्हणतेय? तिच्याकडे तेवढाच शब्द उरलाय. साखर हवी, नको. साखर पुरे, नको. परवा डॉक्टरांनी विचारलं, “बरं वाटतंय ना?” नको. “घरी जायचं?” नको. आणि बोलताना चप्पल घालून दाराशी उभी! सूर तेवढा वेगवेगळा असतो. मास्तर सरसर खणात टाकत गेले आणि बेचाळिसाव्यावर अडले. सहा वेळा ऐकलं. मग हेडफोन काढून मलाच विचारायला आले. तुझ्या ‘येऊन जाऊ का’ला तिने दिलेलं उत्तर ते. तुझा आवाज त्यात नव्हता, माझाही नव्हता, नुसतं तिचं ‘नको’.

“हे तुमच्या चारांत बसत नाही,” म्हणाले. “पाचवा खण करा.”

“कसला?”

“हाकेचा. ही बाई कुणाला तरी हाक मारतेय हो. लांब गेलेल्या माणसाला.”

मी पाणी प्यायला गेले.

हे सगळं मला हल्लीच कळायला लागलंय, या कामामुळे. तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. तिने तुला कधीच ‘येऊ नको’ म्हटलं नव्हतं.

तुझी,
टाचणी


४ डिसेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. “तुला कधीपासून माहीत होतं?” खाली नाव नाही, वर मायना नाही. आईने शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या वहीत लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढावं तसं.

हॉस्पिटलातल्या आठव्या दिवसापासून.

‘हल्लीच’ लिहिलं ते खोटं होतं. आता सगळं नीट, क्रमाने लिहिते. कोर्टात लिहायचे तसं नाही, इथे लिहिते तसं, अडखळण्यासकट.

हॉस्पिटलात तू सहा दिवस होतास. सहाव्या दिवशी तू तिच्या उशाशी वाकून विचारलंस, “आई, माझ्याकडे चलतेस? तुझ्यासाठी मागची खोली रिकामी करतो.” ती म्हणाली, नको. तू पुन्हा विचारलंस. ती पुन्हा म्हणाली, जोरात. तुझा चेहरा मी बघत होते. शाळेतली नोकरी सोडून चष्म्याचं दुकान काढलंस तेव्हा ती वर्षभर तुझ्याशी बोलली नव्हती, त्याच वर्षाचा चेहरा होता तो. संध्याकाळच्या गाडीने तू गेलास.

आठव्या दिवशी वाचा-उपचाराच्या बाई आल्या. मला बाहेरच्या बाकावर बसवून म्हणाल्या, “यांच्याकडे सध्या एकच शब्द आहे. त्याच्या अर्थावर जाऊ नका. घरात सगळ्यांना सांगा.”

घरात सगळे म्हणजे तू आणि मी.

फोन दोन हातांवर होता. मी केला नाही.

मग तू तीनदा फोन केलास. पहिल्या फोनला मला विचारलंस, “बाकी बोलते का?” आणि मी म्हणाले, “बोलते मोजकंच.” हे वाक्य मी तयार ठेवलं नव्हतं, तोंडातून गेलं. पण गेल्यावर परतही घेतलं नाही. तू येऊ का म्हणून विचारलंस, मी फोन तिच्या कानाला लावला आणि तिने बिचारीने जे होतं ते दिलं. तिसऱ्या फोननंतर तू थांबलास, तो थेट या शिबिराच्या फोनपर्यंत.

सुरुवातीला मी स्वतःला सांगायचे की मला तुझा राग आहे. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात तू उशिरा आलास, सगळं माझ्यावर पडलं, वगैरे. राग होताच. पण रागाने माणूस भांडतो, दादा. मी भांडले नाही, मी लपवलं. लपवतो तो घाबरलेला असतो.

तू तिला नेलं असतंस. तुझं खाली दुकान, वर घर, वहिनी हाताशी, दवाखाना समोर. तिच्यासाठी ते बरं होतं, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं होतं. आणि मी? मी घरी आल्यावर दिवा कोणी लावलेला असता? दुसऱ्यांची वाक्यं लिहिता लिहिता माझी पन्नाशी आली. माझ्याशी दोन शब्द बोलणारं एकच माणूस होतं. त्याचे शब्द गेले तरी माणूस मला हवं होतं.

तीन वर्षं तिला मी नीट सांभाळलं, याबद्दल माझ्याकडे बोट दाखवता येणार नाही. ते बोट मी इथे स्वतः दाखवतेय, कारण मी तिचा शब्द वापरला. तिला दुसरा शब्द नाही हे माहीत असताना.

आणखी एक, मग थांबते. तू फोन ठेवल्यावर ती एक मिनिट चाळीस सेकंद बोलत होती. मी तेव्हा तिथेच होते. मी फोन उचलून पुन्हा लावू शकले असते. मी टेबल पुसत होते.

फॉर्म परत पाठवतेय. पुसून टाकू नकोस, दादा.


९ जानेवारी

दादा,

आई नीट पोचली, हे वहिनींच्या फोनवरून कळलं. औषधांची यादी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. रात्रीची गोळी कुस्करून दे, अख्खी दिलीस तर गालात धरून ठेवते आणि सकाळी उशीखाली सापडते. डाव्या बाजूला बसून बोल.

तू आठ दिवस इथे होतास आणि त्यातले पहिले दोन माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीस. दार उघडलं तेव्हा म्हणालास तेवढंच, “बूट कुठे काढू?” आपल्याच घरात. ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी जागा दाखवली. मग तू तिच्या खोलीत गेलास आणि मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले. काय झालं ते तुला माहीत आहे, मला नाही. मला फक्त ऐकू आलं. नको, नको, नको, आणि मध्ये तुझं नाक ओढणं. काम असं हाडात मुरलंय की मी मनातल्या मनात विराम मोजत होते, आणि विराम सापडेचनात. दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होतात.

तुला जे दिसलं नाही ते सांगायला हे पत्र.

तिसऱ्या दिवशी तू म्हणालास, “मलाही तुमच्या त्या खोलीत बसव. तिच्याशी बोलायला शिकायचंय.” प्रमुख बाईंनी तुम्हाला टेबलाच्या दोन बाजूंना बसवलं, मध्ये आडवा लाकडी पडदा. दोघांकडे बारा-बारा चित्रं, कशाचीच न वाटणारी, नुसते कोनाकोनांचे आकार. तिच्या पुढ्यात ती ओळीने मांडलेली, आणि तू विचारून विचारून तीच ओळ लावायची. एरवी सांगणारा सांगतो आणि दुसरा लावतो. इथे सांगणारीकडे एकच शब्द.

मी शेजारच्या खोलीत कॅमेऱ्याच्या टीव्हीवर बघत होते. पहिल्या खेपेला तुम्हाला एकोणीस मिनिटं लागली आणि चार बरोबर आली. तू घामाघूम. “कोन वर आहे का? डावीकडे आहे का?” असं गणितासारखं विचारत होतास. ती बिचारी हवेत बोटाने आकार काढून दाखवत होती, पडद्याआड, कुणालाच नाही. मग तू वैतागून म्हणालास, “हा कोण, पाठीमागे हात बांधून उभा हेडमास्तर?” आणि ती हसली, दादा. आवाज न करता, खांदे हलवत. तुझ्या बाजूला फक्त ‘नको’ ऐकू आलं, पण तू ओळखलंस, आणि तिथून गाडी रुळावर आली. ‘रुसलेली खुर्ची’, ‘वाकून किल्ली शोधणारी बाई’, ‘पळणारा त्रिकोण’. तिसऱ्या खेपेला सहा मिनिटं, अकरा बरोबर. बारावं चुकलं तेव्हा तिने पडद्यावर डाव्या हाताने टकटक केलं, वर्गात फळ्यावर करायची तशी. मास्तर माझ्या शेजारी उभे होते. त्यांना आता सगळं माहीत होतं. म्हणाले, “त्या बेचाळिसाव्याचा मालक आला म्हणायचा.”

मग खरा प्रश्न. ती तुझ्याकडे येणार की इथे राहणार, हे तिला विचारायचं कसं? प्रमुख बाई चार पद्धती सांगत होत्या आणि तू म्हणालास, “हे मी रोज करतो. पहिली काच बरी की दुसरी? लोक थकले की शेवटची सांगतात. म्हणून उलटसुलट विचारायचं, थांबून विचारायचं, आणि आपल्या चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.” बाईंनी ते लिहून घेतलं. मला तुझा अभिमान वाटला, पण तेव्हा सांगायची सोय नव्हती.

दोन फोटो. एक या खोलीचा, एक तुझ्या मागच्या खोलीचा. तीन दिवस, रोज तीनदा, दर वेळी बाजू बदलून. एकदा फोटो मी धरायचे, एकदा तू. आठ वेळा तिचा हात तुझ्या खोलीवर गेला. आठही वेळा तुझा चेहरा भिंतीसारखा होता. माझा नसावा.

नवव्या वेळी फोटो माझ्या हातात होते. तिने दोन्हींकडे बघितलं आणि माझं मनगट धरलं. फोटो खाली पडले. तिने मनगट सोडलं नाही, आणि त्या वेळी ती काहीच बोलली नाही. वही तुझ्याकडे होती. मी म्हटलं, “हे कुठे लिहिशील?”

तू खाली पडलेले फोटो उचलून शेजारी शेजारी ठेवलेस. मग म्हणालास, “दोन्हीकडे.”

आठ दिवसांत तू माझ्याशी नजर मिळवून बोललेला तो पहिला शब्द.

तिचे कपडे मी भरले, तेव्हा ती पलंगावर बसून देखरेख करत होती. निळा स्वेटर मी वर ठेवला, तिला तो तळाशी हवा होता. त्यावरून आमचं भांडण झालं. तिच्याकडे एक शब्द आणि माझ्याकडे सगळी भाषा, तरी तीच जिंकली. गाडी सुटताना तिने खिडकीतून डावा हात हलवला. मी रडले नाही. वळणापर्यंत.

टाचणी


२ फेब्रुवारी

दादा,

पहिल्यांदाच तुझं पानभर पत्र आलं. वाचून दाखवायला घरात कुणी नाही म्हणून मी ते केंद्रात नेलं आणि मास्तरांना त्यातला आईचा भाग वाचून दाखवला. ती दुकानात बसते, गिऱ्हाइकाने फ्रेम घालून बघितली की मत देते, आणि लोक आता तिचं ‘नको’ ऐकल्याशिवाय फ्रेम घेत नाहीत, यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. वहिनींना तिचा त्रागा आणि तिचा प्रश्न वेगळा ऐकू यायला लागला, हे महिनाभरात फार झालं. मला वर्ष लागलं होतं.

इथलं सांगायचं तर अभ्यासाचा पहिला आकडा निघाला. परक्यांना तिचे शब्द ऐकवले तर निम्म्याच्या आसपास बरोबर ओळखतात. मला ऐकवले तेव्हा दहात नऊ. बाईंनी कौतुक केलं. मी म्हटलं, “बाई, ओळखायला येतं एवढ्यावर माणसाचं कौतुक करू नका.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. त्यांचं हेच मला आवडतं. पाचवा खण मात्र झाला. बेचाळीस नंबर त्यात एकटाच आहे.

घर शांत आहे. पहिले चार दिवस मी रेडिओ लावून ठेवला, मग बंद केला. दुपारी घरी आल्यावर कुलूप मीच काढते. मला वाटलं होतं त्या आवाजाने मी खचेन. खचले नाही. थोडी हलले. शेजारच्या काकू अजून सवयीने येतात आणि आईच्या खुर्चीकडे तोंड करून माझ्याशी बोलतात.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस: “माझा राग गेलेला नाही. तीन वर्षं गेली ती मला परत मिळणार नाहीत. पण आई रोज दाराकडे बघते, आणि ते माझ्यासाठी नसतं, मी तर समोरच असतो. तुला यायचं तर ये. राग आहे हे धरून ये.”

हे वाक्य मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. तू ‘माफ केलं’ असं लिहिलं असतंस तर मला खरं वाटलं नसतं, आणि मी इथेच बसून राहिले असते.

पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे. शनिवारी दुपारच्या गाडीने निघते, अंधार पडायच्या आत पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस, दुकानाची वेळ असते. पत्ता विचारत येईन. आईला आधी सांगू नकोस, नाहीतर सकाळपासून दाराशी उभी राहील.

आणि रागाचं म्हणशील, तर तो जायची वाट बघत मी इथे बसणार नाही. तुझ्याकडे येऊन, त्याच्या शेजारी बसते.

तुझी,
टाचणी